गोळ्यांच्या डब्यातला दोरा

ताईंच्या बांगड्यांना दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. एक पदराची. दुसरीचं टोक तपकिरी पडलेलं आणि किंचित वाकलेलं. "ही दातातलं काढायची," असं सहज म्हणून त्या खुर्चीत मागे टेकल्या. खालच्या उजव्या दाढांमध्ये रोज काही ना काही अडकायचं. कधी भाकरीचा कोंडा, कधी भाजीचं देठ, तर कधी मटणाचा धागा. जेवण झालं की हात त्या पिनेकडे जायचा. मी आरसा लावून तिथली हिरडी पाहिली. दोन दाढांच्या मधे हिरडीचा एक छोटा त्रिकोण असतो, एरवी घट्ट आणि गुलाबी. ताईंचा तो त्रिकोण जांभळट, फुगलेला आणि मधोमध चिरल्यासारखा झाला होता.

मी लातूर जिल्ह्यातल्या औशात दातांचा दवाखाना चालवते. हे प्रकरण ताईंच्या परवानगीनं लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत, बाकी सगळं घडलं तसं आहे. ताई ४६ वर्षांच्या, तालुक्यातल्याच एका गावात अंगणवाडी सेविका. सात वर्षांपासून शुगर आहे, त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी चालू. या एका बाईला रोज दातांमध्ये दोरा फिरवायची सवय लागायला पावणेदोन वर्षं लागली. त्यातली पहिली सव्वा वर्षं वाया गेली ती माझ्यामुळे. ती का वाया गेली हे मला समजलं तेव्हापासून मी पेशंटशी वेगळं बोलायला लागले, म्हणून हे सविस्तर लिहिते.

तपासणीत काय दिसलं

खालची डावी पहिली दाढ तरुणपणीच काढलेली होती. बाकीचे दात मजबूत, एकही हलत नव्हता. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच आम्ही बारीक सळईनं मोजतो. निरोगी तोंडात ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत भरते. ताईंच्या पुढच्या दातांना ती तेवढीच होती. दाढांच्या फटींत मात्र बऱ्याच ठिकाणी ४ आली आणि पिनेच्या जागी ५. सळई लावली की जवळजवळ प्रत्येक दाढेच्या फटीतून रक्त यायचं.

"मी तर रोज घासते हो मॅडम." त्या खरंच घासत होत्या. दातांचा बाहेरचा भाग, जिभेकडचा भाग, दाढांचा माथा, सगळं स्वच्छ होतं. पण दाढेला पाच बाजू असतात आणि त्यातल्या दोन शेजारच्या दातांना चिकटलेल्या असतात. ब्रशचे केस तिथे पोचतच नाहीत. त्या दोन बाजूंवर जंतूंचा चिकट थर बसतो. काही दिवस तो तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं कीटण होतं, आणि मग ते दोऱ्यानं काय, कशानंच घरी निघत नाही. थर मऊ असतानाच रोज पुसून काढायचा, एवढंच दोऱ्याचं काम.

हिरडी किती लवकर बिघडते आणि किती लवकर सुधारते, याचा एक जुना प्रयोग मी पेशंटना नेहमी सांगते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूसला हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दातांची सफाई पूर्ण बंद करायला लावली. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पहिल्यासारख्या झाल्या. म्हणजे हिरडीची नुसती सूज असेल, आतलं हाड गेलेलं नसेल, तर ती पूर्ण भरून निघते. ताईंच्या बाबतीत घाई होती ती शुगरमुळे. शुगर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोर धरतो, आणि हिरडीत सतत सूज असली की शुगर आटोक्यात आणायला जड जातं. दोन्ही एकमेकांना धरून चालतात.

दोनदा फसलं ते असं

पहिल्या भेटीत मी त्यांचे दात साफ करून दिले. त्याआधी त्यांची समजूत काढावी लागली, कारण "मशीननं साफ केले की दात हलायला लागतात" ही भीती आमच्याकडे घरोघर आहे. कीटण निघालं की त्याच्या आधारानं उभा असलेला, आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो. मशीन त्याला हलवत नाही. मग फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटींत फिरवायचा दोरा, दाखवला, कसा वापरायचा ते सांगितलं आणि माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, "रात्री ब्रश झाल्यावर करायचा." त्यांनी मान डोलावली. गावात मिळत नाही म्हणून डबी माझ्याकडूनच विकत घेतली.

सहा महिन्यांनी आल्या तेव्हा हिरड्या जिथल्या तिथे. मी विचारलं तर म्हणाल्या, "चार दिवस केला बघा. रक्त आलं, म्हणून सोडून दिला. म्हणलं, लागलं असेल काही तरी." चूक माझी होती. सुजलेल्या हिरडीत पहिल्यांदा दोरा गेला की रक्त येणारच, आणि रोज केला तर बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत थांबतं, हे मी आधी सांगायला हवं होतं. त्याहून जास्त दिवस येत राहिलं तर मात्र दाखवायला यायला हवं. हे सांगून, नव्या जोमानं समजावून त्यांना परत पाठवलं. हिरडीची, हाडाची चित्रं दाखवली. शुगरवाल्या माणसाचे दात कसे जातात तेही सांगितलं. घाबरवलंच म्हणा ना.

पुढच्या मृगात त्या परत आल्या. पिन बांगडीत तशीच. डबी कुठे आहे विचारल्यावर म्हणाल्या, "कपाटात, पावडरच्या मागं. दिसली की वाटतं करावं, पण दिसतच नाही. मॅडम, मी पोरांना हात धुवायला शिकवते. मला कळत नाही असं नाही हो. ध्यानातच राहत नाही." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. सव्वा वर्षभर मी या बाईला जे तिला आधीच माहीत होतं तेच पुन्हा पुन्हा सांगत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना त्यांची रात्र विचारली. संध्याकाळी सातला स्वयंपाक. सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलाला वाढून स्वतः जेवेपर्यंत नऊ वाजतात. मग गोळी. मग भांडी, सकाळसाठी पाणी भरून ठेवणं, आणि पाठ टेकली की झोप. "आणि ब्रश?" मी विचारलं. "ब्रश सकाळी," त्या म्हणाल्या. रात्री त्या कधीच दात घासत नव्हत्या, त्यांच्या घरात कोणीच घासत नव्हतं. मी मात्र दोन वेळा ठासून सांगितलं होतं की रात्री ब्रश झाल्यावर दोरा फिरवा. जी गोष्ट त्यांच्या दिवसात नव्हतीच, तिच्या पाठीवर मी दुसरी गोष्ट लादत होते.

देवळी

पुढचं मला ताईंनी शिकवलं. त्या आधी मिशरी लावायच्या, अकरा वर्षांपूर्वी सोडली. मिशरी सोडणं किती अवघड असतं हे मला रोज दिसतं. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरडीला बोटानं चोळत राहायची, तलफ दिवसातून चार-चारदा यायची. मी विचारलं, "मिशरीची आठवण कशी राहायची?"

"आठवण कशाला लागते? डबी चुलीजवळच्या देवळीत असायची. चहा ठेवला की हात आपोआप देवळीत. सासूची होती, मग माझी झाली. सोडली तेव्हा आधी डबी उचलून उकिरड्यावर टाकली. महिनाभर हात देवळीत जायचा आणि मोकळाच परत यायचा."

मी लिहायचं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. वाईट सवय कशी लागते आणि कशी सुटते, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं होतं. चहा ठेवणं हे रोज न चुकता होणारं काम, त्याच्या हाताशी डबी, आणि लावल्याबरोबर मिळणारा तरतरीतपणा. माझ्या फ्लॉसला यातलं काहीच नव्हतं. ना ठरलेलं काम, ना हाताशी जागा, ना लगेच कळणारा फायदा.

मग आम्ही दोघींनी मिळून देवळी शोधायला घेतली. त्यांच्या दिवसातली कधीच न चुकणारी गोष्ट कोणती? सकाळ धावपळीची, ती नको. संध्याकाळचा देवापाशी दिवा रोज लागतो, पण तोंडात बोटं घालायचं काम तिथे कसं जोडणार? शेवटी त्याच म्हणाल्या, "रात्रीची गोळी. ती मी कद्धी चुकवत नाही." गोळ्यांचा एक चौकोनी स्टीलचा डबा होता, मसाल्याच्या डब्याच्या वर ठेवलेला. जेवून उठलं की डबा उघडायचा, गोळी, वर घोटभर पाणी. त्यानंतर त्या काही खात नसत. दोऱ्यासाठी याहून चांगली जागा नव्हती. मी नवी डबी त्यांच्या हातात ठेवून म्हटलं, "ही कपाटात ठेवायची नाही. गोळ्यांच्या डब्यातच, पाकिटाच्या वर. दोरा उचलल्याशिवाय गोळी निघाली नाही पाहिजे."

या ठिकाणी आमच्या भागापुरतं एक सांगते. दोऱ्याला पाणी लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही, आणि अजूनही कित्येक गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. रात्री परत ब्रश करा म्हटलं की बायका आधी मनात तांब्या मोजतात. चुलीपाशी बसल्या-बसल्या, कोरड्या हातानं होणारं काम असेल तर ते घरात शिरायला सोपं जातं.

एकच फट

दुसरं ठरलं ते असं की सगळे दात करायचेच नाहीत. एकच फट करायची, ती पिनेची. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. "एका फटीनं काय होणार?" मी म्हटलं, "हिरड्यांचं फारसं काही होणार नाही. पण रोज होईल." दमलेल्या माणसाला पंचवीस फटी दिसल्या की तो उद्यावर ढकलतो. एका फटीला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यासाठी टाळायला कारण सापडत नाही.

ती फट मी मुद्दाम निवडली होती. अशा वेळी पुढचे दात सोपे म्हणून तिथून सुरुवात करून देणारे बरेच आहेत. माझं मत वेगळं झालं आहे. जिथे माणसाला खुपतं तिथूनच सुरू करावं. दोरा बाहेर आला की अडकलेला कोंडा डोळ्यांना दिसतो, दाढ मोकळी झाल्याचं जिभेला लगेच कळतं. हिरडीची सूज उतरणं, शुगर, पुढच्या वीस वर्षांत वाचणारे दात, हा फायदा खरा आहे, पण तो रात्री साडेनऊला चुलीपाशी जाणवत नाही.

दोरा कसा धरायचा हे मी त्यांच्या हातूनच करून घेतलं, यावेळी घाई केली नाही. साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, एवढा तुकडा घ्यायचा. त्याची दोन्ही टोकं दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायची, एका बोटाला जास्त, दुसऱ्याला थोडी. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बोटभर ताठ दोरा उरला पाहिजे. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून तो करवतीसारखा हलक्या हातानं पुढेमागे करत खाली उतरवायचा. दाबून खचकन घातला तर हिरडी कापते. खाली उतरला की तो एका दाताला चंद्रकोरीसारखा लपेटायचा आणि हिरडीच्या कडेखाली जाईल तेवढाच नेऊन वर ओढायचा, चार-पाच वेळा. मग तोच दोरा शेजारच्या दाताला लपेटायचा. बहुतेक लोक फक्त अडकलेला कण काढतात आणि दोरा सरळ वर ओढून घेतात, दातांच्या बाजू पुसायच्या राहूनच जातात.

ताईंची बोटं शेवटच्या दाढेपर्यंत पोचेनात. दोरा मधल्या बोटांवरून निसटायचा, दुसऱ्यांदा निसटल्यावर त्या वैतागल्या. तेव्हा दोऱ्याची दोन टोकं गाठ मारून बांगडीएवढं कडं करून दिलं. कड्यात दोन्ही हातांची बोटं अडकवली की गुंडाळायची भानगडच राहत नाही. ते त्यांना फार आवडलं. ज्यांची बोटं आखडतात, संधिवात आहे, त्यांनाही मी हेच सुचवते. प्लास्टिकच्या दांडीचा तयार फ्लॉसही चालतो. त्यानं चंद्रकोर नीट होत नाही, पण मुळीच न करण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आणि इथे एक गोष्ट सापडली जी आधीच्या दोन्ही वेळा माझ्या नजरेतून सुटली होती. त्या फटीत दोरा जाताच फसकटायचा. बाहेर येताना त्याची तूस निघालेली असायची, एकदा तर तुटून आतच राहिला. दोरा एकाच जागी पुन्हा पुन्हा फसकटत असेल तर तिथे बहुतेक कीड तरी असते किंवा जुन्या भरणाची कड बाहेर आलेली असते. ताईंच्या दाढेत काही वर्षांपूर्वी दुसरीकडे भरलेलं चांदीचं सिमेंट होतं, त्याची कड फटीत नखभर पुढे आली होती. अन्न तिथेच का अडकत होतं याचं उत्तर तिथेच होतं. मी कड घासून गुळगुळीत केली, दोरा सरकन गेला आणि आला. ही कड तशीच ठेवून मी त्यांना आणखी दहा वर्षं समजावलं असतं तरी सवय लागली नसती. जो दोरा दर वेळी तुटतो तो कोण रोज फिरवील?

दुधाच्या हिशेबाशेजारी

नोंद ठेवायची कल्पना त्यांचीच. अंगणवाडीत रजिस्टर भरायची सवय, त्यामुळे त्यांना ती सुचली. पण वेगळी वही काढू नका, असं मी म्हटलं. घरात भिंतीवर कालनिर्णय होतंच आणि त्यावर रोजच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिला जायचा, कधी १, पाहुणे असले की १॥. त्या आकड्याच्या शेजारी पेनानं एक टिंब. दोरा झाला की टिंब. दर महिन्याला ते पान फाडून घेऊन त्या दवाखान्यात यायच्या.

जुलैचं पान अजून माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात पाच टिंबं. दुसऱ्यात सात. तेराव्या तारखेच्या चौकोनात टिंबाच्या खाली बारीक अक्षरात "रक्त नाही" असं लिहिलेलं आहे. महिन्याच्या शेवटी कुठे कुठे दोन टिंबं दिसतात. ती का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एक झाली की हात थांबत नाही. शेजारची पण करून टाकते." ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या खालची सगळी उजवी बाजू करत होत्या, मी न सांगता.

एका गोष्टीवर मी ठाम राहिले. त्या कितीही जास्त करोत, ठरलेलं काम एकच फट. ज्या दिवशी ताप आहे, लग्नाहून उशिरा आलात, भांडण झालंय, त्या दिवशी एकच फट केली तरी टिंब द्यायचं, आणि ते टिंब पूर्ण धरायचं.

सप्टेंबरात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे हा सण म्हणजे घरातल्या बाईची कसोटी असते. मुखवटे, साड्या, फराळ, सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक, घरभर पाहुणे. गोळ्यांचा डबा उचलून माळ्यावर गेला कारण स्वयंपाकघरात ठेवायला जागा उरली नाही. नऊ दिवस एकही टिंब नाही, आणि त्यातले दोन दिवस गोळीसुद्धा चुकली. ताई आल्या त्या मान खाली घालूनच. "गेलं सगळं," म्हणाल्या.

मी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते मोजलं. मधला आकडा ६६ दिवस आला. पण कोणाला १८ दिवसांत जमलं, तर कोणाला हिशेबानं २५४ दिवस लागले असते. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगितलं जातं त्याला या आकड्यांत काही आधार नाही. आणि मधे एखादा दिवस चुकला तर घडी मोडत नाही, हेही त्यात दिसलं. ताईंचा एक दिवस नव्हता, नऊ होते, म्हणून मी खोटा धीर दिला नाही. फक्त विचारलं, "डबा खाली आला का?" "आला." "मग आज रात्री एक फट."

त्या रात्रीचं टिंब आहे. त्यानंतरची सगळी आहेत.

आधी दोरा की आधी ब्रश

दिवाळीनंतर ताईंनी स्वतःहून रात्रीचा ब्रश सुरू केला. दोरा झाल्यावर तोंड निम्मंच स्वच्छ वाटतं म्हणे. म्हणजे मी सांगितलेला क्रम उलटा झाला. ब्रशच्या मागून दोरा आला नाही, दोऱ्याच्या मागून ब्रश आला. मग त्यांनी विचारलं, आधी काय करावं?

यावर दोन अभ्यास दोन दिशांना बोट दाखवतात. इराणमध्ये मशहदला २५ दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी दोरा आणि मग ब्रश केल्यावर फटींतला थर जास्त निघाला आणि तिथे फ्लोराइडही जास्त राहिलं. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २०१३ चा, ५० जणांचा. त्यात काहींना ब्रशच्या आधी, काहींना ब्रशच्या नंतर दोरा करायला सांगितलं. आठ महिन्यांनी पाहिलं तेव्हा ब्रशनंतर करणाऱ्यांची सवय जास्त पक्की होती, कारण ब्रश संपणं हीच त्यांच्यासाठी आठवण होती. माझा निर्णय सरळ आहे. ज्याचा रात्रीचा ब्रश पक्का आहे, त्यानं ब्रशच्या मागे दोरा लावावा. ताईंसारखं ज्याचं दुसरंच काही पक्कं आहे, त्यानं दोरा त्याच्या मागे लावावा, आणि ब्रश मग खुशाल शेवटी येऊ द्यावा. रोज होणं पहिलं, क्रम दुसरा.

दोऱ्यानं मुळात काही फायदा होतो का, असं शिकलेले पेशंट मला विचारतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शनातून फ्लॉसचा उल्लेख गेला, त्याच्या बातम्या झाल्या, तेव्हापासून हा प्रश्न येतो. एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानं नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि फ्लॉस मिळून हिरडीची सूज कमी होऊ शकते असं म्हटलं, पण पुरावा कच्चा आहे हेही नोंदवलं. मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते २००६ मधल्या एका आढाव्यातलं. शाळा असेल त्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित माणसानं मुलांच्या दातांत दोरा फिरवला, तेव्हा फटीतली कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. मुलांनी स्वतः केला तेव्हा फरक दिसला नाही. म्हणजे दोरा काम करतो, पण तो नीट आणि रोज फिरला तर, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. म्हणून मी पेशंटला एकदा समजावून सोडून देत नाही. त्यांच्याच हातून करून घेते आणि त्यांच्या दिवसातली जागा शोधायला वेळ देते. वीस मिनिटं जातात. बाहेर रांग असते. तरी देते.

डिसेंबरातली तपासणी

सहा महिन्यांनी खाच पुन्हा मोजली. पुढच्या दातांना सगळीकडे ३ किंवा कमी. दाढांमध्ये जिथे ४ होती तिथे बहुतेक ठिकाणी ३. पिनेच्या जागी ५ ची ४ झाली. रक्त फक्त दोन ठिकाणी आलं, दोन्ही वरच्या शेवटच्या दाढांपाशी, जिथे हात अजून नीट पोचत नाही. तिथे कड्याची पकड थोडी बदलून दिली. पिनेच्या जागची सूज उतरल्यावर तिथे उघडी फट दिसू लागली. ताई घाबरल्या, "दोऱ्यानं फट पडली का?" दोऱ्यानं फट पडत नाही. फुगलेल्या हिरडीनं जी जागा झाकली होती ती सूज गेल्यावर उघडी झाली. तेवढ्या रुंद फटीत दोरा सैल पडतो, म्हणून त्या एका जागेसाठी बारीक बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा दातांच्या फटीचा ब्रश दिला. बाकी सगळीकडे दोराच.

तीन महिन्यांच्या शुगरचा आकडाही थोडा उतरला होता. त्याच काळात त्यांच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला होता, त्यामुळे त्याचं श्रेय मी दोऱ्याला देत नाही. ताई देतात.

५० मीटरची एक डबी रोज ४५ सेंटिमीटरप्रमाणे साडेतीन महिने पुरते. त्यांची दुसरी डबी तेव्हा संपत आली होती. तिसरी घेताना म्हणाल्या, "दोन द्या."

दुसरी कोणासाठी, ते येळवशीनंतर कळलं. वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, गाव शेतात होतं. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबिल, खीर, सगळे पोटभर जेवून सावलीला बसले. भज्जीत इतक्या भाज्या आणि शेंगा असतात की दातात काही अडकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. जो तो कडब्याची काडी मोडून दात कोरत होता. ताईंनी पिशवीतून गोळ्यांचा डबा काढला, गोळी घेतली आणि पाठमोऱ्या होऊन कडं फिरवायला लागल्या. जाऊबाईंनी विचारलं, हे काय करता? ताईंनी हातभर दोरा तोडून तिच्या हातात दिला, गाठ मारून दाखवली आणि म्हणाल्या, "सगळे नको करू. जिथं अडकलंय तेवढंच."

हे मला सांगताना त्यांनी बांगड्या मागे सारल्या. पिन एकच होती, पदराची.